पहिली पंधरा मिनिटं पकडा: कॉम्बिनेटोरिक्सच्या ऑनलाइन सेमिनारमध्ये काय चालतं

ग्राफ थिअरीच्या ऑनलाइन सेमिनारला मी पहिल्यांदा बसले तेव्हा अठराव्या मिनिटाला धागा सुटला. पडद्यावर एक लांबलचक असमानता होती, तिच्या दोन्ही बाजूंना लॉगॅरिदम होते आणि वक्ता म्हणत होता की इथून पुढचं नेहमीचंच आहे. ते ज्यांच्या नेहमीच्या सवयीचं होतं अशी माणसं ऐकत होती, मी त्यातली नव्हते. तरी शेवटपर्यंत बसून राहिले. सुरुवातीला मांडलेला प्रश्न मला पक्का कळला होता, आणि तो कित्येक वर्षं कुणाला सुटला नव्हता हेही कळलं होतं. त्यानंतर असे बरेच सेमिनार ऐकले. आज जगात कुठं काय नवीन सिद्ध झालं हे ताजं ताजं ऐकायचं असेल, आणि गणितातली पीएचडी नसेल, तर याच शाखेकडे यावं असं माझं मत झालं आहे. कारण इथले प्रश्न साध्या भाषेत सांगता येतात. उत्तरं मात्र भल्याभल्यांना दमवतात.

कॉम्बिनेटोरिक्स म्हणजे सुट्या, मोजता येणाऱ्या वस्तूंच्या रचनांचं गणित. शाळेत भेटलेलं पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन हा त्याचा उंबरठा. ग्राफ थिअरी ही त्याची एक मोठी शाखा. इथला ग्राफ म्हणजे एक्स आणि वाय अक्षांवर काढलेली वक्ररेषा नव्हे. काही बिंदू आणि त्यातल्या काही जोड्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढाच ग्राफ. बिंदू म्हणजे माणसं आणि रेषा म्हणजे ओळख असेल, किंवा बिंदू म्हणजे संगणक आणि रेषा म्हणजे केबल. लेओनार्ड ऑयलरनं 1736 साली क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचा प्रश्न सोडवला, तिथून या विषयाची सुरुवात मानतात. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फेरी पूर्ण करता येईल का, असा तो प्रश्न होता. येत नाही, हे त्याचं उत्तर.

सेमिनारमध्ये कशावर बोलतात हे कळायला एक प्रश्न नीट हाताळू. कागदावर सहा बिंदू काढा आणि प्रत्येक बिंदू उरलेल्या पाचांना जोडा. पंधरा रेषा होतील. प्रत्येक रेष लाल किंवा निळी करा, मनाला येईल तशी. तिन्ही बाजू एकाच रंगाच्या असलेला त्रिकोण टाळता येईल का?

टाळता येत नाही, आणि हे पटायला पाच ओळी पुरतात. कुठलाही एक बिंदू घ्या, त्याला अ म्हणू. त्याच्यापासून पाच रेषा निघतात. रंग दोनच असल्यानं त्यातल्या निदान तीन एकाच रंगाच्या असणार. समजा त्या लाल आहेत आणि ब, क, ड या बिंदूंकडे जातात. आता ब, क, ड यांच्या आपसातल्या तीन रेषा बघा. त्यातली एक जरी लाल निघाली तरी तिची दोन टोकं आणि अ मिळून लाल त्रिकोण झाला. एकही लाल नसेल तर तिन्ही निळ्या, म्हणजे ब-क-ड हाच निळा त्रिकोण. सुटका नाही.

बिंदू पाचच असतील तर मात्र सुटका आहे. पाच बिंदू वर्तुळावर मांडा, शेजारच्यांना जोडणाऱ्या रेषा लाल करा, आतल्या चांदणीच्या रेषा निळ्या. एकरंगी त्रिकोण कुठंच दिसणार नाही. म्हणून एकरंगी त्रिकोण अटळ व्हायला किमान किती बिंदू लागतात, या प्रश्नाचं नेमकं उत्तर सहा.

या प्रकारच्या संख्यांना रॅमसे संख्या म्हणतात. ज्या फ्रँक रॅमसेच्या नावावर त्या आहेत तो 1930 साली, वयाच्या अवघ्या 26व्या वर्षी गेला. त्रिकोणाऐवजी चार बिंदूंचा एकरंगी गट हवा असेल, म्हणजे चारांमधल्या सहाही रेषा एका रंगाच्या, तर उत्तर 18 आहे. पाच बिंदूंचा गट हवा असेल तर? आज एवढंच सांगता येतं की उत्तर 43 ते 46 च्या दरम्यान आहे. वरचा 46 हा आकडा 2024 साली आला. संगणकाला सगळ्या शक्यता तपासायला का लावत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. 43 बिंदूंमध्ये 903 रेषा असतात, प्रत्येकीचे दोन रंग. म्हणजे 2 चा 903वा घात, तब्बल 272 अंकी संख्या. इतक्या रंगसंगती एकेक करून कुठलंही यंत्र कधीच तपासू शकणार नाही. म्हणून युक्ती लागते, आणि सेमिनार असतो तो त्या युक्तीचा.

अशी एक युक्ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ती हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डोशची, 1947 सालची. 100 बिंदू घ्या. दावा असा की त्यांच्यातल्या रेषा अशा रंगवता येतात की 10 बिंदूंचा एकही एकरंगी गट राहत नाही. असं चित्र काढून दाखवणं महाकठीण. एर्डोश चित्र काढतच नाही, तो नाणं उडवतो. प्रत्येक रेषेसाठी एकदा नाणं, छापा आला तर लाल, काटा आला तर निळा. दहा बिंदूंच्या गटात 45 रेषा असतात. त्या सगळ्या एका रंगाच्या येण्याची शक्यता किती? 2 च्या 44व्या घातात एक, म्हणजे साधारण 17.59 लाख कोटींत एक. आता 100 बिंदूंतून 10-10 चे गट किती पडतात ते मोजा: सुमारे 17.31 लाख कोटी. म्हणजे एकरंगी गटांची सरासरी संख्या 17.31 भागिले 17.59, साधारण 0.98. एकापेक्षा कमी. गटांची संख्या पूर्णांकातच असते, 0, 1, 2 अशी. प्रत्येक रंगसंगतीत निदान एक एकरंगी गट असता तर सरासरी एकाच्या खाली आलीच नसती. म्हणजे कुठलीतरी रंगसंगती अशी आहेच की जिच्यात असा गट शून्य आहे. सिद्धता संपली. चित्र कुणीच पाहिलं नाही, तरी ते आहे हे पक्कं.

मी हे पहिल्यांदा समजून घेतलं त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. आजही सेमिनारमध्ये वक्ता "रँडम ग्राफ घेऊ" म्हणाला की ओळखायचं, नाणं बाहेर निघालं. या विषयातली निम्मीअधिक व्याख्यानं कुठल्या ना कुठल्या रूपात हेच नाणं उडवत असतात असं मला वाटतं.

तर दहाच्या गटासाठी उत्तर 100 पेक्षा मोठं, हे या हिशेबातून निघालं. दुसऱ्या बाजूनं, 1935 साली एर्डोश आणि सेकेरेश यांनी दिलेल्या सूत्रानुसार 48,620 बिंदू नक्की पुरतात. दोन आकड्यांमधली दरी बघा. गटाचा आकार एकानं वाढवला की खालची मर्यादा साधारण 1.41 पटीनं वाढते आणि वरची जवळजवळ चौपट होते. खरी वाढ किती? हा 'चार' थोडा तरी खाली आणावा म्हणून पिढ्यान् पिढ्या धडपडल्या. अधूनमधून बारीक सुधारणा झाल्या, पण चार हा आकडा जागचा हलला नाही. मार्च 2023 मध्ये केंब्रिजच्या एका सेमिनारमध्ये जूलियन सहस्रबुद्धे यांनी सांगितलं की तो हलला आहे. मार्सेलो कॅम्पोस, सायमन ग्रिफिथ्स आणि रॉब मॉरिस यांच्यासोबत त्यांनी सिद्ध केलं होतं की चारच्या जागी त्याहून किंचित लहान संख्या चालते. सुधारणा चिमुकली, पण 88 वर्षांनी झालेली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं त्याच पद्धतीला पैलू पाडून ती संख्या 3.8 पर्यंत आणली.

इथं सेमिनारचं महत्त्व कळतं. शोधनिबंध नियतकालिकात छापून यायला गणितात सहज दोन-तीन वर्षं जातात. त्याआधी तो आर्काइव्ह या खुल्या संग्रहात येतो, पण तिथं तो शंभर पानांचा, सूत्रांनी खच्चून भरलेला असतो. सेमिनारमध्ये तोच माणूस तासाभरात सांगतो की नेमकी अडचण कुठं होती, आधीचे लोक कुठं थांबले आणि दार कुठून उघडलं. ही माहिती निबंधात बहुधा नसते. निबंध लिहिला जातो तो तपासणाऱ्यासाठी, सेमिनार दिला जातो तो समजून घेणाऱ्यासाठी.

पूर्वी हा तास ज्या विद्यापीठाच्या खोलीत व्हायचा तिथल्या पंधरा-वीस जणांच्या वाट्याला यायचा. एर्डोश आयुष्यभर एका सुटकेसनिशी देशोदेशी फिरला आणि पाचशेहून अधिक लोकांसोबत त्यानं निबंध लिहिले. कल्पना पोचवायच्या तर माणसानं स्वतः जायला हवं, अशी तेव्हाची परिस्थिती होती. मार्च 2020 नंतर कोविडमुळे विद्यापीठांच्या खोल्या बंद झाल्या आणि काही आठवड्यांतच सेमिनार झूमवर आले. ऑक्सफर्डचा डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स अँड प्रोबॅबिलिटी सेमिनार, दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या इन्स्टिट्यूट फॉर बेसिक सायन्सचा डिस्क्रीट मॅथ सेमिनार, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचा अल्जिब्राइक ग्राफ थिअरी सेमिनार, अशी नावं जगभरच्या श्रोत्यांच्या तोंडी झाली. त्याच वर्षी रिसर्चसेमिनार्स डॉट ऑर्ग हे सामाईक वेळापत्रक सुरू झालं. विषय निवडला की जगातली येणारी व्याख्यानं तुमच्या घड्याळाच्या वेळेनुसार दिसतात.

घड्याळ ही गोष्ट मामुली वाटते, पण इथं ती जपावी लागते. मार्चमध्ये अमेरिका आपली घड्याळं पुढं करते, युरोप दोन-तीन आठवड्यांनी करतो, आणि आशियातले बरेच देश करतच नाहीत. त्या मधल्या दिवसांत ठरलेला सेमिनार एक तास इकडचा तिकडं होतो आणि लोक रिकाम्या खोलीत येऊन बसतात. मीही बसले आहे.

याच घड्याळाचं 2021 च्या जूनमध्ये सोनं केलं गेलं. जगभरच्या कॉम्बिनेटोरिक्स गटांनी मिळून 'राउंड द वर्ल्ड रिले' भरवली. पृथ्वीवर दिवस जसा पुढं सरकत गेला तसं व्याख्यान एका गटाकडून दुसऱ्याकडं गेलं, शर्यतीतल्या काठीसारखं. एका दिवसात एवढ्या दूरदूरच्या गटांचं गणित ऐकायला त्याआधी कुठल्याही विमानानं शक्य नव्हतं.

प्रत्यक्ष तासाचं रूप आता सांगते. ठरल्या वेळेच्या पाचेक मिनिटं आधी दार उघडतं. आयोजक रेकॉर्डिंगला हरकत नाही ना, असं वक्त्याला विचारतात, सगळ्यांचे माइक बंद होतात. ओळख दोन वाक्यांत उरकते. मग पहिली पंधरा मिनिटं. यात वक्ता प्रश्न मांडतो, व्याख्या देतो, लहानसं उदाहरण दाखवतो, कुणी काय केलं होतं त्याचा इतिहास सांगतो आणि आपलं प्रमेय लिहितो. या पंधरा मिनिटांत कागद-पेन घेऊन बसावं आणि उदाहरण स्वतः काढून पाहावं. बिंदू पाच घ्या, सहा घ्या. माझा अनुभव असा की उदाहरण हातानं काढलं तर प्रमेय लक्षात राहतं, नुसतं पाहिलं तर दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. मधला अर्धा तास सिद्धतेचा असतो आणि तो मुख्यतः जाणकारांसाठी. तिथं धागा सुटला तर सुटू द्यावा. शेवटच्या दहा मिनिटांत वक्ता पुन्हा उघड्यावर येतो, न सुटलेले प्रश्न सांगतो, तेव्हा कान टवकारावेत.

काही शब्द सारखे कानावर पडतात. 'टाइट' म्हणजे याहून चांगलं होणार नाही इतका नेमका निकाल. वरच्या त्रिकोणाच्या प्रश्नात सहा हे उत्तर टाइट आहे, कारण पाचाला चांदणीचं चित्र आडवं येतं. 'कंजेक्चर' म्हणजे अटकळ, खरी वाटते पण सिद्ध नाही. 'एप्सिलॉन' म्हणजे हवी तेवढी लहान, पण शून्याहून मोठी संख्या. सहस्रबुद्धे आणि मंडळींनी चारातून वजा केली ती तीच.

आणि 'एन पुरेसा मोठा असेल तर'. एन म्हणजे बहुधा बिंदूंची संख्या. हे शब्द निरागस दिसतात, पण नेहमी विचारावं, किती मोठा? एन्द्रे सेमेरेडीच्या रेग्युलॅरिटी लेमाचं (लेमा म्हणजे सहाय्यक प्रमेय) उदाहरण घ्या. कुठलाही प्रचंड ग्राफ थोड्या तुकड्यांत असा वाटता येतो की बहुतेक तुकड्यांच्या जोड्यांमधल्या रेषा जणू नाणं उडवून टाकल्यासारख्या वागतात, असा त्याचा ढोबळ अर्थ. फार सुंदर आणि फार उपयोगी. पण हे 'थोडे तुकडे' म्हणजे दोनांचा मनोरा असतो, दर पायरीला दोनाचा मागच्या संख्येइतका घात: 2, मग 4, मग 16, मग 65,536, आणि त्यापुढची पायरी 19,729 अंकी संख्या. अचूकता वाढवत नेली की मनोरा उंच होत जातो. कमी तुकड्यांत भागेल असं अनेकांना वाटत होतं. टिमथी गॉवर्स यांनी 1997 साली दाखवलं की मनोरा टाळताच येत नाही. वक्ता "इथं रेग्युलॅरिटी लावू" म्हणाला आणि श्रोत्यांपैकी कुणी लगेच "त्याशिवाय जमेल का?" असं विचारलं, तर त्या प्रश्नामागं हा मनोरा असतो.

प्रश्न विचारण्याची पद्धत ऑनलाइन आल्यावर बदलली, आणि माझ्या मते चांगल्यासाठी बदलली. खोलीत पहिल्या रांगेतले ज्येष्ठ विचारायचे. चॅटमध्ये पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही लिहितो, "तिसऱ्या ओळीत बिंदू वेगवेगळेच धरले आहेत ना?" आणि पन्नास जण मनातल्या मनात त्याचे आभार मानतात. कधीकधी चॅटमधला जाणकारच उत्तर देऊन टाकतो आणि वक्त्याला थांबावंही लागत नाही.

जे गेलं तेही खरं आहे. फळ्यावर लिहिणारा माणूस लिहिण्याच्या वेगानं विचार करतो आणि ऐकणाऱ्याला दम घेता येतो. तयार स्लाइड मात्र एका बोटानं सरकते. पाच ओळींची असमानता क्षणात येते, क्षणात जाते. टॅब्लेटवर हातानं लिहिणारे वक्ते मला म्हणूनच जास्त आवडतात. बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकोनांकडे बघून बोलताना वक्त्याला कळतही नाही की लोक कुठं हरवले. आणि व्याख्यानानंतर कॉफी घेताना दोन अनोळखी माणसं बोलायला लागतात, त्यातून पुढं निबंध होतो, ते झूमच्या छोट्या खोल्यांमध्ये क्वचितच जमतं. रेकॉर्डिंग थांबवून मागं नेता येतं, ही भरपाई. अवघड भाग मी तीन-तीनदा ऐकते.

बाहेरच्या माणसाचं इथं काय काम, असं वाटत असेल तर जस्टिन गिल्मर यांचं उदाहरण आहे. त्यांनी कॉम्बिनेटोरिक्समध्ये पीएचडी केली, मग विद्यापीठ सोडलं आणि गूगलमध्ये नोकरी धरली. पेटर फ्रँकल यांची 1979 सालची एक अटकळ त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. काही संच घ्या, असे की कुठलेही दोन एकत्र केले तर होणारा संच यादीत आधीच आहे. मग निदान अर्ध्या संचांत असलेला एखादा घटक सापडतोच, असं ती म्हणते. उदाहरणार्थ फक्त 1, फक्त 2, आणि 1-2 एकत्र असे तीन संच घेतले तर 1 हा तिघांपैकी दोघांत आहे. अर्धं तर सोडाच, संचांच्या कुठल्याही ठरावीक टक्केवारीत असा घटक असतोच, एवढंही कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं. नोव्हेंबर 2022 मध्ये गिल्मर यांनी एक टक्का सिद्ध केला, माहितीशास्त्रातली एन्ट्रॉपीची, म्हणजे अनिश्चितता मोजण्याची, कल्पना वापरून. काही दिवसांतच वेगवेगळ्या गटांनी त्याच वाटेनं तो आकडा 38 टक्क्यांवर नेला. 50 अजून लांब आहे.

सेमिनारचा मला सगळ्यात प्रिय भाग रेकॉर्डिंग बंद झाल्यावर सुरू होतो. निम्मे लोक निघून जातात, दहा-बारा उरतात, कुणी कॅमेरा चालू करतं. मघाशी प्रमेय ठामपणे मांडणारा वक्ता आता सैलावून सांगतो की कुठला मार्ग सहा महिने घेऊनही फुकट गेला. अशाच एका वेळी, नाणं उडवून सिद्ध झालेल्या एका निकालानंतर, एका विद्यार्थिनीनं विचारलं, "रचना आहे हे पटलं, पण ती एखादी काढून दाखवता येईल का?" वक्ता म्हणाला, नाही. एर्डोशचं नाणं 1947 पासून जेवढे मोठे ग्राफ आहेत म्हणून सांगतं, त्यांच्या जवळपास जाणारे ग्राफ नाण्याशिवाय, नियम देऊन बांधायला अजून कुणालाच जमलेलं नाही. मग त्यानं टॅब्लेटवर कोरं पान उघडलं आणि आजवरचे प्रयत्न कुठवर आले आहेत ते काढून दाखवायला लागला. आम्ही सगळे आणखी चाळीस मिनिटं थांबलो.